रक्तदानानंतर फोन आला, “रिपोर्टबद्दल बोलायचं आहे”

“टेस्ट ९९ टक्के बरोबर असते म्हणतात मॅडम. म्हणजे मला आजार असायचे चान्स ९९ टक्के, हो ना?”

नागपुरात एचआयव्ही समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न सारखा कानावर येतो. विचारणारा अडाणी असतो असं नाही. इंजिनिअर असतात, शिक्षक असतात, एकदा तर फार्मसी शिकवणारे सर होते. हिशोब इतका सरळ वाटतो की त्यात काही चुकत असेल अशी शंकाच येत नाही. पण चुकतं, आणि नेमकं कुठे चुकतं ते कळलं तर माणसाला रिपोर्ट येईपर्यंत निदान जेवण तरी जातं. म्हणून एका मुलाची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा बुटीबोरी एमआयडीसीत सुपरवायझर. कंपनीत रक्तदान शिबिर झालं, यानंही रक्त दिलं, बिस्किट-कॉफी घेऊन पुन्हा कामाला लागला. काही दिवसांनी रक्तकेंद्रातून फोन आला, “तुमच्या रिपोर्टबद्दल बोलायचं आहे, येऊन जा.” गेला तर डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं की एचआयव्हीची चाचणी रिअॅक्टिव्ह आली आहे, म्हणजे लागणीची शंका आहे, खात्री करण्यासाठी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात जा. हातात चिठ्ठी दिली. त्याचं साक्षगंध झालेलं होतं. मंगल कार्यालय ठरलेलं, पत्रिका छापायला गेलेल्या.

माझ्याकडे आला तो मोठ्या भावाला घेऊन. भावाला मी बाहेर बसायला सांगितलं. “आम्ही घरचेच आहो जी मॅडम,” भाऊ म्हणाला. असाल, तरी बाहेर बसा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार त्या माणसाच्या संमतीशिवाय मला त्याच्या भावालाही काही सांगता येत नाही. आणि कायदा नसता तरी मी बाहेरच बसवलं असतं. मोठा भाऊ खुर्चीला खुर्ची लावून बसलेला असताना आपल्या शरीरसंबंधांबद्दल खरं कोण बोलेल?

दार लागलं तशी त्यानं खिशातून दुसरा एक कागद काढला. आदल्या दिवशी घाबरून एका खाजगी लॅबमध्ये कार्ड टेस्ट, म्हणजे झटपट निकाल देणारी चाचणी, करून आला होता. ती नॉन-रिअॅक्टिव्ह. “एक म्हणते आहे, एक म्हणते नाही. खरं कोण बोलून राहिलं मॅडम? अन् मी तं असं काही केलंच नाही जी.”

“काही होत नाही, घाबरू नको,” असं मी म्हणत नाही. कोणालाच म्हणत नाही. रिपोर्ट हातात नसताना दिलेला धीर उद्या खोटा ठरला तर तो माणूस औषध घ्यायलाही परत येत नाही. मी आधी विचारते. संबंध कोणाशी, केव्हा, कंडोम होता का, इंजेक्शनची नशा, कधी रक्त चढवलं का. काही वर्षांपूर्वी पुण्यात असताना एका मुलीशी संबंध होते, कंडोम वापरला होता, त्यानंतर कोणाशीच नाही. बाकी सगळ्याला नाही. सलूनमधल्या वस्तऱ्याबद्दल मात्र त्यानंच तीनदा विचारलं. वस्तऱ्यानं एचआयव्ही होण्याची भीती लोकांना जितकी वाटते त्याच्या पासंगालाही तो धोका पुरत नाही.

मग कोरा कागद घेतला. त्याला शॉप फ्लोअरवरच्या रिजेक्शनची टक्केवारी रोज काढावी लागते, म्हणून आकड्यांतूनच बोलले. धरून चाल, म्हटलं, दहा हजार जणांनी रक्त दिलं. रक्तदात्याला आधी प्रश्न विचारतात, जोखीम असलेल्यांना तिथेच थांबवतात, म्हणून यांच्यात लागण असलेले थोडेच असणार. समज हजारात एक, म्हणजे एकूण १०. चाचणी चांगली आहे, ती दहाच्या दहा पकडते. आता उरले ९,९९०. यांना लागण नाही. पण चाचणी निरोगी माणसालाही कधीकधी रिअॅक्टिव्ह दाखवते. दोनशेत एकदाच चुकते असं धरू, म्हणजे साडेनव्व्याण्णव टक्के बरोबर. तर ९,९९० पैकी किती?

त्यानं मोबाइल काढला. “पन्नास.”

मग एकूण किती जणांना फोन जाणार?

“साठ.” थोडा थांबला. “अन् त्यातले खरे दहाच?”

सहातला एक. चाचणी साडेनव्व्याण्णव टक्के बरोबर, तरी फोन आलेल्या सहांपैकी पाच जणांना आजार नाही. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले असतात. किट याहून चांगलं असेल तर चुकणारे कमी होतात. पण चाल हीच राहते. “निरोगी माणसांपैकी किती जणांना चाचणी बरोबर सोडते” हा एक प्रश्न आहे आणि “ज्याला रिअॅक्टिव्ह म्हटलं त्या माणसाला खरंच आजार असेल का” हा वेगळाच. पहिल्याचं उत्तर किटच्या खोक्यावर छापलेलं असतं. दुसऱ्याचं कुठल्याच खोक्यावर छापता येत नाही, कारण ते चाचणी कोणत्या लोकांवर केली यावर ठरतं. जिथे आजार विरळा, तिथे चुकून अडकलेल्यांची गर्दी खऱ्या रुग्णांपेक्षा मोठी होते.

तो म्हणाला, मग अशी टेस्ट ठेवतातच कशाला?

रास्त प्रश्न आहे. एचआयव्हीची एलायझा ही रक्तचाचणी १९८५ साली अमेरिकेत मंजूर झाली ती रक्तपेढीतलं रक्त तपासण्यासाठी. तिथे एकच काम असतं: शंका असलेली पिशवी रुग्णाला जाता कामा नये. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाची किती मुलं आहेत, थॅलेसेमियाच्या मुलाला तर दर काही आठवड्यांनी रक्त लागतं. त्याच्या हिशोबानं पन्नास चांगल्या पिशव्या उगाच फेकल्या गेल्या तरी चालेल, एक खराब सुटायला नको. आपल्याकडच्या नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) नियमातही रक्तकेंद्रासाठी एकच चाचणी आहे. रिअॅक्टिव्ह आली, पिशवी बाद. माणसाबद्दल निकाल देण्यासाठी मात्र एक पुरत नाही. आयसीटीसीत तीन करतात. त्याही एकाच किटनं तीनदा नाही, तर वेगवेगळ्या किटनं. एका किटला ज्या कारणानं चकवा बसतो (शरीर जंतूंशी लढायला जी प्रतिपिंडं बनवतं, त्यांतल्या आधीच असलेल्या दुसऱ्याच प्रतिपिंडांमुळे तो बसू शकतो) त्याच कारणानं वेगळ्या रचनेच्या दुसऱ्या किटला बसण्याची शक्यता कमी असते.

हे त्याला कागदावरच दाखवलं. पहिल्या चाळणीतून ते साठ जण निघाले, दहा खरे आणि पन्नास चुकून आलेले. दुसरी चाचणी फक्त या साठांवर. दहा पुन्हा रिअॅक्टिव्ह येतील. पन्नासांत दोनशेला एक या हिशोबानं चुकणारा जेमतेम पाव माणूस. म्हणजे दुसऱ्यांदाही रिअॅक्टिव्ह आला तर तो जवळजवळ नक्की खरा. किटची गुणवत्ता तितकीच आहे. फक्त आता ज्यांच्यावर ती चालवली त्यांच्यात आजार हजारात एक नाही, सहात एक आहे. तिसरीनं उरलीसुरली शंका जाते.

जाता जाता सांगते, हा घोटाळा काही एचआयव्हीपुरता नाही. पावसाळा लागला की आपल्याकडे घरोघरी कोणाला ना कोणाला “टायफॉईड निघतो”. तो बहुतेकदा विडाल नावाच्या एकाच रक्तचाचणीवर निघालेला असतो. जिथे टायफॉईडचे जंतू बारा महिने फिरतात तिथे पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे, लसीमुळे, कधी दुसऱ्याच तापातही विडाल वाढलेली दिसते. डॉक्टर लक्षणं पाहून, रक्ताचं कल्चर करून ठरवतात तेव्हा त्याला अर्थ असतो. आपणच लॅबमध्ये जाऊन “फुल बॉडी पॅकेज” करून आणतो आणि लाल अक्षरातल्या आकड्यांना घाबरतो, तेव्हा आपण त्या दहा हजारांच्या रांगेत स्वतः जाऊन उभे राहिलेलो असतो.

त्याच दिवशी त्याची आयसीटीसीतली चाचणी झाली. पहिलीच नॉन-रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे नियमाप्रमाणे निगेटिव्ह. तो उठून उभाच राहिला. मी खाली बसवलं. रक्तकेंद्रातली एलायझा नव्या पिढीची होती. ती प्रतिपिंडांसोबत विषाणूचा पी-२४ हा अंशही पकडते, त्यामुळे अगदी ताजी लागण तिला आधी दिसू शकते आणि कार्ड टेस्टला नंतर. गेल्या काही महिन्यांत ज्याचा कुठेही संबंध आला नाही त्याच्याबाबतीत हे जवळजवळ संभवत नाही. पण “जवळजवळ” हा शब्द ठेवून लग्नाला जाऊ नये म्हणून मेडिकल ऑफिसरनी त्याला चार आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. तोही रिपोर्ट निगेटिव्ह. होणाऱ्या बायकोला यातलं काय सांगायचं, हे त्यानं माझ्याकडून ठरवून घ्यायचा प्रयत्न केला. ते मी ठरवत नाही. सांगायचं असेल आणि तिला प्रश्न असतील तर दोघं मिळून या, एवढंच म्हटलं. दोघं आली. तिचा पहिला प्रश्न होता, “ह्यानं महिनाभर मला फोन काऊन नाही केला?” त्याचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं.

भावाचं समाधान मात्र झालं नव्हतं. मुलाच्या परवानगीनं त्याला आत घेतलं तर म्हणाला, “मॅडम, सरकारनं लग्नाआधी सगळ्यांचीच टेस्ट सक्तीची काऊन नाही करत? झंझटच नको.” मला ही मागणी दर लग्नसराईत ऐकू येते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं १९८८ मध्ये नेमकं हेच केलं होतं. पहिल्या सहा महिन्यांत लग्नाच्या परवान्यासाठी आलेल्या ७०,८४६ जणांची तपासणी झाली, लागण सापडली ८ जणांना. खर्च लाखो डॉलर. लोक लग्नाचा परवाना काढायला शेजारच्या राज्यात जाऊ लागले. पुढच्याच वर्षी तो कायदा मागे घ्यावा लागला. दोघांनी आपखुशीनं तपासून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, ते मी स्वतः सुचवते. सक्ती केली की लाखो निरोगी जोडप्यांमध्ये पहिल्या चाचणीवरच किती साक्षगंधं मोडतील, ते भावाला धाकट्याचा महिना आठवून समजलं असावं. तो गप्प झाला.

आता याची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर वरचा हिशोब अर्धवट राहील, आणि अर्धवट हिशोब धोक्याचा आहे. त्याच सुमारास काटोलकडची एक बाई आली. नवरा एचआयव्हीवरच्या एआरटी औषधांवर, पण घरात सांगितलेलं नव्हतं. तिच्या हातातही तसाच, एका चाचणीचा रिअॅक्टिव्ह रिपोर्ट. सोबतच्या दिराचं म्हणणं, “आजकाल रिपोर्ट खोटे निघतात, मोबाइलवर वाचलं आहे. दुसऱ्या लॅबमध्ये करून पाहू.” कागद तोच, किटही तसंच. पण ही दहा हजार रक्तदात्यांमधली नव्हती. समजा तिच्यासारख्या, जोडीदाराला लागण असलेल्या दहा हजार बायका घेतल्या आणि त्यांतल्या दोन हजारांना लागण आहे. चाचणी २,००० खऱ्या पकडेल. उरलेल्या आठ हजारांत चुकून फक्त ४०. म्हणजे रिअॅक्टिव्ह आलेल्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव खऱ्या. तिला मी सहातला एक सांगितलं असतं तर ती घरी गेली असती आणि वर्षभर आलीच नसती. तिच्याही तिन्ही चाचण्या झाल्या, तिन्ही रिअॅक्टिव्ह. गोळी लगेच सुरू झाली, रोज एक, सरकारी केंद्रात फुकट. आता तिच्या रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही. तिची मुलगी निगेटिव्ह आहे.

आणि निगेटिव्हचंही तसंच. मागच्या आठवड्यात जोखीम घेऊन आज तपासायला येणाऱ्या माणसाचा “नॉन-रिअॅक्टिव्ह” मला दिलासा देत नाही, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला अजून वेळ आहे. त्याला मी पुन्हा कधी यायचं ती तारीख लिहून देते. आणि जोखीम घेऊन ७२ तास उलटले नसतील तर आधी डॉक्टरांकडे पाठवते, कारण तेवढ्या वेळात लागण टाळणारी औषधं सुरू करता येतात.

तुम्हाला असा फोन आला असेल तर रक्तकेंद्राची चिठ्ठी घेऊन आयसीटीसीत जा. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आहे, जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांतही आहे. चाचणी आणि समुपदेशन दोन्ही मोफत. तीन खाजगी लॅबचे तीन रिपोर्ट गोळा करत बसू नका. खात्री होईपर्यंत कुठेही रक्त देऊ नका, आणि कंडोम वापरा. समुपदेशकानं खाजगी प्रश्न विचारले तर चिडू नका आणि खोटं सांगू नका. तुम्ही रक्तदात्यांच्या रांगेतले आहात की काटोलच्या बाईसारखे, हे तिला त्या उत्तरांवरूनच कळतं. केंद्रात जायचा धीर होत नसेल तर आधी १०९७ वर फोन करा, मराठीत बोलतात.