ग्रंथालयाच्या दारातून: वाचकांचे प्रश्न, ग्रंथपालताईंची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार, मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात केमिस्ट्रीत पीएचडी करतेय, रजिस्ट्रेशन शिवाजी विद्यापीठाचं आहे. सगळीकडे वाचलं की ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं, आता सगळे जर्नल्स, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं, फुकट. पण पेपर उघडायला गेलं की पैसे भरा असंच येतं. लायब्ररीत विचारलं तर म्हणाले आम्हाला काही माहीत नाही. मग हे नक्की कुणासाठी आहे?

उत्तर: तुझ्यासारखीची पत्रं या वर्षात सगळ्यात जास्त आलीत गं, म्हणून जरा सविस्तर सांगते. योजना खरी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० ई-जर्नल्स. एल्सव्हिअर, स्प्रिंगर, वायली, अमेरिकन केमिकल सोसायटी सगळे आहेत, म्हणजे तुझ्या विषयाचं तर भरपूरच. आधी प्रत्येक विद्यापीठ आपापल्या ऐपतीप्रमाणे जर्नल्स घ्यायचं आणि बजेट कमी पडलं की पहिली कात्री जर्नल्सवरच चालायची, आता देशाने एकत्र खरेदी केली, आणि हे फार मोठं काम झालंय असं मला मनापासून वाटतं.

पण फुकट म्हणजे कुणालाही कुठूनही असं नाही. सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या ६,३०० च्या आसपास संस्थांसाठी ही योजना आहे. राज्य विद्यापीठं त्यात येतात, पण खासगी संस्थेने चालवलेलं अनुदानित कॉलेज आपोआप येत नाही, आणि आपल्याकडे तालुक्याच्या गावातली बहुतेक कॉलेजं नेमकी तशीच! ज्या मुलीला पुण्यामुंबईला जाऊन राहणं परवडत नाही तीच बाहेर राहिली. हे बदलायला हवं, प्राचार्यांनी आणि प्राध्यापक संघटनांनी यासाठी जोर लावायला हवा.

तोपर्यंत तू एक कर. रजिस्ट्रेशन शिवाजी विद्यापीठाचं आहे ना, मग कोल्हापूरला बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जा, गाइडचं पत्र आणि रजिस्ट्रेशनचं पत्र दोन्ही जवळ ठेव. जर्नल्स कॅम्पसच्या नेटवर्कवर उघडतात, त्यामुळे तिथे बसूनच काम करायचं. जायच्या आधी घरी हव्या त्या पेपर्सची यादी करून ठेव, प्रत्येकापुढे त्याचा डीओआय नंबर, म्हणजे त्या पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, लिहून, नाहीतर अर्धा दिवस शोधण्यातच जातो. एकदम शेकडो फाइल्स मात्र ओढू नकोस हं, प्रकाशकांच्या सिस्टिमला ते लगेच कळतं आणि सगळ्या कॅम्पसचा अ‍ॅक्सेस बंद पडू शकतो. आणि तिथल्या काउंटरवर एक प्रश्न नक्की विचार, ‘आमच्यासारख्यांना इन्फेडचं लॉगिन मिळेल का?’ इन्फेड म्हणजे कॅम्पसबाहेरून जर्नल्स उघडायची सोय, ते मिळालं तर घरी बसून वाचता येईल.

तुझ्या कॉलेजने एन-लिस्ट घेतलंय का तेही बघ, कॉलेजांसाठी ई-जर्नल्स आणि ई-बुक्स देणारी ती वेगळी सोय आहे, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवतं. बऱ्याच ठिकाणी सभासदत्व असतं पण आयडी कुणी मागितलेलेच नसतात. तू लेखी अर्ज दे, ग्रंथपालांच्या नावाने, आणि प्रत प्राचार्यांना. तोंडी विचारलं की ‘माहीत नाही’ म्हणता येतं, अर्ज आला की माहिती काढावी लागते.

प्रश्न: गाइड म्हणतात प्रबंधाच्या प्लेजरिझम रिपोर्टमध्ये (म्हणजे उचलेगिरीच्या तपासणीत) एक टक्काही साम्य दिसता कामा नये. माझं सात टक्के आलंय, मी रडकुंडीला आलोय.

उत्तर: रडू नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला काहीही दंड नाही. शिवाय संदर्भसूची, ऋणनिर्देश, नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायद्याची कलमं, ठरलेली समीकरणं हे सगळं मोजणीतून वगळायचं असतं. लायब्ररीत रिपोर्ट काढताना ते वगळलंय का एवढं विचारा. शून्य आणायच्या नादात मुलं चांगली वाक्यं मोडून वेडीवाकडी करतात, ते बघून मला फार वाईट वाटतं.

प्रश्न: माझ्या आईने १९७० च्या दशकात पुणे विद्यापीठातून मराठीत पीएचडी केली. घरातली प्रत पुरात गेली. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, तिच्या हातात तो प्रबंध पुन्हा द्यायचाय. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, सापडला नाही. नाशिकहून लिहितोय.

उत्तर: दादा, शोधगंगेवर नाही म्हणजे प्रबंधच नाही असं समजू नका. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं यूजीसीने सक्तीचं केलं ते २००९ च्या नियमावलीपासून, त्याआधीचे काही स्कॅन झालेत, काही अजून कपाटातच आहेत. शोधगंगेवर पुन्हा एकदा वेगळ्या पद्धतीने शोधा. मराठी प्रबंधांची शीर्षकं कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत आणि तीही मनाला येईल त्या स्पेलिंगने टाकलेली असतात. त्यामुळे आईंचं माहेरचं नाव, सासरचं नाव, गाइडचं आडनाव, असं सगळं करून बघा.

तरी नाही मिळालं तर पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय. पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं, आता त्याला जयकर ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. त्या काळातले प्रबंध म्हणजे जाड रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, आत टाइपरायटरवर काढलेली पानं आणि टाइपला न जमलेले जोडाक्षरांचे तुकडे शाईने हाताने भरलेले. असे प्रबंध घरी देत नाहीत, तिथेच बसून बघायचे. आधी फोन करून किंवा मेल पाठवून नाव, विषय आणि पदवीचं वर्ष कळवा, वर्ष नसेल तर पदवी प्रमाणपत्रावर बघा. आणि प्रबंधाचा कॉपीराइट साधारणपणे लिहिणाऱ्याचाच असतो, म्हणून ‘माझ्या प्रबंधाची स्कॅन प्रत मला द्यावी आणि शोधगंगेवर टाकायला माझी हरकत नाही’ असं पत्र आईंच्या सहीने सोबत न्या, ओळखपत्राची झेरॉक्स जोडून. असं पत्र असलं की काउंटरवरच्या माणसालाही निर्णय घेणं सोपं जातं, आणि त्या विषयावर आज काम करणाऱ्या मुलांना तो प्रबंध वाचायला मिळेल.