गाडी चालता चालता बंद पडते? आधी काट्याकडे बघा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा, मी स्टुटगार्टला असतो, मूळचा सांगलीचा. दोन वर्षांपूर्वी १९८६ची पोर्शे ९४४ घेतली, साधी, टर्बो नाही, ८ व्हॉल्व्हवाली. एच नंबरप्लेट आहे (जर्मनीत जुन्या, नीट जपलेल्या गाड्यांना मिळते ती), बॉडी एकदम छान, इंजिनचा आवाजही गोड. पण गेल्या उन्हाळ्यापासून बंद पडायला लागलीये. पहिल्यांदा ए-८ वर उल्मकडे जाताना झालं, आल्बचा घाट चढताना पुढे ट्रॅफिक, बाहेर ऊन, आणि मध्येच कोणीतरी चावी फिरवल्यासारखं इंजिन गप्प. कडेला घेतली, २० मिनिटं थांबलो, सेल्फ मारला तर लगेच चालू. त्यानंतर असं सहा वेळा झालंय, कायम गाडी गरम झाल्यावर. शिवाय टाकीत पेट्रोल पाव टाकीच्या खाली गेलं की वळणावर गचके देते, तेव्हा बंद पडत नाही पण जीव वरखाली होतो. इथल्या एका गॅरेजने फ्युएल पंप बदलला, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, बिल बघून बायको दोन दिवस बोलली नाही. तरी गाडी तशीच. आता ते म्हणतात फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे पेट्रोलचा दाब सांभाळणारा भाग, बदलू. बदलू का?

उत्तर : नका बदलू. निदान आत्ता तरी नका.

तुमचं पत्र वाचून मला माझीच गाडी आठवली. माझ्याकडे ९४४ बरीच वर्षं होती आणि तिनेही मला असंच छळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, तुम्ही एका पत्रात दोन वेगळी दुखणी सांगितलीयेत आणि गॅरेजवाल्याने दोन्हींना एकच समजून औषध दिलंय. गरम झाल्यावर चावी फिरवल्यासारखं बंद होणं हे एक, आणि कमी पेट्रोलवर वळणात गचके हे दुसरं. ही दोन्ही वेगवेगळी धरा, नाहीतर एकाचा पुरावा दुसऱ्याला लावत बसाल.

आधी घाटातलं बघू. पेट्रोल कमी पडून गाडी बंद होते तेव्हा ती सहसा आधी सांगते. जोर कमी होतो, ॲक्सिलरेटर दाबला की धाप लागल्यासारखं होतं, दोनतीन गचके, मग बंद. कारण रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं, प्रेशर हळूहळू उतरतं. तुमची गाडी काहीच न सांगता एका क्षणात गेली, असं वागणं बहुतेक वेळा विजेचं असतं, म्हणजे करंट तुटला. पण करंट तुटल्यावर पंपही थांबतो ना, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पेट्रोल येत नाहीये, पंप गेला. पंप बिचारा ठणठणीत असतो.

९४४ मध्ये इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे बॉशचं मोट्रॉनिक, आणि त्याच्यासाठी एक रिले (करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आहे ज्याला सगळे डीएमई रिले म्हणतात. हा एकच रिले दोन कामं करतो, कॉम्प्युटरला करंट देतो आणि फ्युएल पंपालाही देतो. आतमध्ये छोटा सर्किट बोर्ड आहे आणि त्याच्या सोल्डरला ३०-४० वर्षांच्या गरम-थंड होण्याने केसासारख्या भेगा पडतात. थंड असताना भेग जुळलेली, गरम झालं की उघडते, गाडी बंद. २० मिनिटांत थंड होऊन परत जुळते, गाडी चालू. तुमच्या लक्षणांशी हे तंतोतंत जुळतंय. पण जुळतंय म्हणून खरं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणूनच तर गॅरेजवाल्याने पंप बदलला.

म्हणून पुढच्या वेळी गाडी जाईल तेव्हा एक गोष्ट करा, क्लच दाबू नका. म्हणजे मागे ट्रक असेल तर अर्थातच आधी इंडिकेटर आणि कडेला, पण रस्ता मोकळा असेल तर दोन सेकंद गाडी गिअरमध्येच लोळू द्या आणि आरपीएमचा काटा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा) बघा. चाकं इंजिनला फिरवतायत, म्हणजे काटा वर राहायला हवा. काटा एकदम शून्यावर पडला तर कॉम्प्युटरलाच काही कळत नाहीये, म्हणजे रिले, इग्निशन स्विच, किंवा मागे बेलहाउसिंगवर (क्लचभोवतीचं आवरण) फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या टोकाचं जड चाक, वाचणारे जे दोन सेन्सर आहेत त्यातलं काहीतरी. काटा वर राहिला आणि तरी इंजिन मेलेलं, तर कॉम्प्युटर जिवंत आहे आणि मग पेट्रोलच्या बाजूला शोधायचं. हे दोन सेकंद तुमचं अर्धं निदान करतात, आणि पैसे शून्य.

गाडी थांबल्यावर लगेच, थंड व्हायच्या आत, सेल्फ मारून परत काटा बघा. इंजिन फिरतंय तर काटा थोडा तरी उचलायला हवा, थरथरायला हवा. अजिबात हलला नाही तर सेन्सरवर संशय घ्या. त्यांची फ्लायव्हीलपासूनची गॅप ०.८ मिमी लागते आणि त्यांचे कनेक्टर इतक्या वर्षांनी बिस्किटासारखे तुटतात, नुसतं हात लावून हलवलं तरी कधीकधी सापडतं. (आणि सेल्फ मारताना इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुटल्यासारखं फिरतंय असं वाटलं तर ताबडतोब थांबा. टायमिंग बेल्ट गेलेला असू शकतो आणि या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.)

आता रिले तपासायचा तर रिले काढा आणि त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७बी या दोन टर्मिनलमध्ये फ्यूज लावलेली जाड वायर जोडा. पंप मागून गुंगुं करायला लागला पाहिजे, चावी बंद असली तरी. लागला तर पंप, त्याची वायर आणि अर्थिंग ठीक. गाडी बंद पडलेल्या अवस्थेत ही वायर लावल्यावर पंप चालतो पण रिले घातल्यावर सेल्फ मारतानाही चालत नाही, आणि काटा मात्र थरथरतोय, तर रिलेची पंपाकडची बाजू गेली, विषय संपला. काम झालं की वायर काढायला विसरू नका, आणि वायर लावून गाडी चालवू तर मुळीच नका. कॉम्प्युटर इंजिन थांबलं की पंप थांबवतो ते अपघातात पेट्रोल उडत राहू नये म्हणून, ती सोय तुम्ही वायर लावून काढून टाकलेली असते.

माझं सांगतो. मीही आधी पंप बदलला होता. मग फिल्टर. मग एका माणसाने सांगितलं म्हणून होज पाइप. सहा महिने गेले, शेवटी एका रविवारी पार्किंगमध्ये गाडी बंद पडलेली असताना डॅशच्या आत हात घालून रिलेवर बोटाने टिचकी मारली आणि पंपाचा आवाज आला. कव्हर उघडून भिंगाखाली बघितलं तर सोल्डरभोवती बारीक काळी गोल रेघ. नवा रिले टाकला, गाडी त्या कारणाने परत कधी बंद पडली नाही. जुन्याला परत सोल्डर मारून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवला होता, तुम्हीही एक जास्तीचा कायम जवळ ठेवा.

प्रेशर मोजल्याशिवाय रेग्युलेटर बदलायचा नाही, हे त्या गॅरेजला स्पष्ट सांगा. मोजायला काही लागत नाही. रेलच्या टोकाला एक कॅप नट आहे, तिथे गेज लागतो, फक्त तो नट उघडताना आत एक बारीक स्टीलची गोळी असते ती इंजिनच्या पोटात पडू देऊ नका. इंजिन बंद, पंप वरच्यासारखा जोडून चालू, प्रेशर साधारण २.५ बार यायला हवं. इंजिन चालू करून आयडलिंगला साधारण २ बार, कारण व्हॅक्युम रेग्युलेटरला उघडतो. व्हॅक्युमची नळी काढली की परत २.५ कडे जायला हवं. हे तिन्ही आकडे आले तर रेग्युलेटरला दोष देता येत नाही. त्या व्हॅक्युम नळीत पेट्रोलचा वास किंवा ओल दिसली तर मात्र आतला पडदा फाटलाय, तेव्हा खुशाल बदला.

आता दुसरं दुखणं, पाव टाकीवर वळणात गचके. इथे मात्र मला खरंच पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं. पंप आणि फिल्टर बदलले, पण टाकीतून पेट्रोल बाहेर पडतं तिथे एक जाळी असते ती कोणी काढून बघितली का? जुन्या टाकीतला गाळ तिथे बसतो आणि पेट्रोल कमी झालं की वळणावर जेवढं मिळतं तेही आत येत नाही. तुमचा जुना फिल्टर गॅरेजने फेकला नसेल तर मागून घ्या, त्यातलं पेट्रोल पांढऱ्या कपड्यावर उलटं ओता, म्हणजे टाकीच्या बाजूने. लालसर कण आले तर नवीन फिल्टरही काही महिन्यांत चोक होणार. आणि एकदा गचके देत असताना थांबून टाकीचं झाकण उघडून बघा, जोरात हवा आत ओढली गेली तर टाकीचा श्वास कोंडलाय, व्हेंटची नळी कुठेतरी दबलीये.

एक विनंती, हे सगळं करताना रेलवरचे रबरी होज हाताने वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या, ओल दिसली तर बाकी सगळं सोडून आधी ते बदला. ते गरम इंजिनच्या डोक्यावर आहेत आणि आत दाबाखाली पेट्रोल आहे. गाडी बंद पडली तर उशीर होतो, इथे गळलं तर आग लागते.

प्रश्न : दादा, मी न्यू जर्सीला असते. माझ्याकडे १९९१ची माझदा मियाटा आहे, १.६. गेल्या महिन्यात मी स्वतः एअर फिल्टर बदलला (यूट्यूब बघून!) आणि तेव्हापासून चालू होते, दोन सेकंद चालते आणि बंद. परत चालू, परत बंद. पंप गेला का?

उत्तर : ताई, स्वतः हात घातलात याचं मला फार कौतुक वाटलं, आणि पंप बहुधा शाबूत आहे.

१.६ मियाटात हवा मोजणाऱ्या मीटरमध्ये एक फडका असतो, म्हणजे दारासारखी उघडणारी झडप. इंजिन हवा ओढतं, फडका उघडतो, आणि त्याच फडक्याच्या मागे एक छोटा स्विच आहे जो पंपाचा रिले चालू ठेवतो. सेल्फ मारताना पंपाला वेगळ्या वाटेने करंट मिळतो म्हणून गाडी पेटते, तुम्ही चावी सोडली की पंप या स्विचच्या भरवशावर, आणि फडका उघडलेला नसेल तर पंप बंद. आता फडका का उघडत नसेल? मीटर आणि थ्रॉटलच्या मधल्या मोठ्या रबरी पाइपला चीर गेली असेल किंवा फिल्टर बदलताना त्याची क्लँप नीट बसली नसेल, म्हणजे हवा आडवाटेने आत येते आणि फडक्याला कोणी विचारतच नाही. पाइप काढून घड्यांमध्ये बोट घालून ताणून बघा, चिरा घडीच्या आत लपतात.

खात्री करायची तर इंजिनपाशी डायग्नोसिस लिहिलेला काळा डबा आहे. त्याच्या झाकणाच्या आतला नकाशा बघून एफ/पी आणि जीएनडी या दोन भोकांमध्ये छोटी वायर घाला, चावी ऑनवर. पंप चालू राहतो. आता गाडी चालू करून बघा, बंद पडली नाही तर दोष या फडक्याच्या वाटेवरच आहे. वायर काढून मग पाइप दुरुस्त करा.

प्रश्न : पुण्यातून लिहितोय. माझी गाडी स्पोर्ट्स कारमध्ये धरत असाल की नाही माहीत नाही, फियाट पॅलिओ १.६ आहे, पण माझ्यासाठी तीच. आठ महिने सोसायटीत उभी होती, आता चालू केली तर दोन किलोमीटरवर धाप लागून बंद. जुनं पेट्रोल अर्धी टाकी आहे. वरून नवीन भरून पातळ करू का?

उत्तर : १.६ पॅलिओ ज्याने चालवलीये तो तिला काहीही नाव ठेवणार नाही, मी तर धरतोच.

पातळ करू नका, पूर्ण काढा. आता आपल्याकडे पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर अर्धी रिकामी टाकी म्हणजे आत दमट हवा, पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. काढलेल्या पेट्रोलमधलं पहिलं लिटरभर काचेच्या बरणीत घेऊन अर्धा तास ठेवा, दोन थर दिसले तर कारण तिथेच सापडलं. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट थर सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो, म्हणून फिल्टर बदलाच आणि टाकीतल्या पंपाची जाळीही बघा. तुमची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही, तर रबरी नळ्याही कडक किंवा फुगलेल्या आहेत का ते बघून घ्या.

आणि पुढेमागे खड्ड्यात जोरात आदळून गाडी एकदम बंद झाली, सेल्फ फिरतोय पण पेटत नाही असं झालं तर घाबरू नका. पॅलिओत धडक बसली की पेट्रोल तोडणारा एक स्विच आहे, तो मोठ्या दणक्यानेही उडू शकतो. आधी गाडीखाली वाकून पेट्रोलचा वास किंवा गळती नाही ना ते बघा, मग मॅन्युअलमध्ये त्याची जागा शोधून बटण दाबा.