वाचकांचे प्रश्न : सणाच्या दिवशीच भय का?

नाताळ आणि हॅलोविन (३१ ऑक्टोबरला मुखवटे घालून साजरा होणारा पाश्चात्त्य सण) या सणांवर बेतलेल्या भयपटांविषयी चार वाचकांची पत्रे आमच्याकडे आली आहेत. विषय एकच असल्यामुळे त्यांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहोत.

प्रश्न : आम्ही अनेक वर्षांपासून अमेरिकेत राहतो. माझा सतरा वर्षांचा मुलगा दर डिसेंबरमध्ये मित्रांना घरी बोलावतो आणि सगळे मिळून नाताळावरचे भयपट पाहतात. यंदा त्यांनी १९८४ सालचा एक चित्रपट लावला होता. त्यात सांताक्लॉजच्या वेशातला तरुण कुऱ्हाड घेऊन माणसे मारत सुटतो. दुसऱ्याच्या सणाची अशी विटंबना आमच्या घरात व्हावी, याचे मला वाईट वाटते. ज्यांचा हा सण आहे त्यांना याचे काहीच वाटत नाही का? आणि मी मुलाला अडवावे का?
(एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : त्यांनाही वाटते, आणि १९८४ साली तर फारच वाटले होते. आपण म्हणता तो चित्रपट म्हणजे चार्ल्स सेलियर यांनी दिग्दर्शित केलेला 'सायलेंट नाइट, डेडली नाइट'. तो ९ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या भित्तिपत्रकावर धुराड्यातून वर आलेला सांताचा लाल बाहीचा हात होता आणि त्या हातात कुऱ्हाड होती. त्याच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर लहान मुलांच्याही नजरेस पडू लागल्या, तेव्हा पालक संतापले, काही चित्रपटगृहांबाहेर निदर्शने झाली, आणि जीन सिस्केल या नामवंत समीक्षकांनी आपल्या कार्यक्रमात या चित्रपटाच्या कर्त्यांची नावे एकेक करून वाचून दाखवली व त्यांना लाज वाटायला हवी असे बजावले. वितरकांनी आधी जाहिराती थांबवल्या आणि पाठोपाठ चित्रपटही मागे घेतला. तरीही त्याचे पुढचे भाग निघत राहिले, कारण बंदीसारख्या वागणुकीमुळे त्याचे नाव ज्यांच्या कानावर कधी गेले नसते त्यांच्याही कानावर गेले होते.

माझे मत विचाराल तर हा चित्रपट ओबडधोबड आहे, आणि त्यातली स्त्रियांवरची हिंसा मला पाहवत नाही. मात्र त्याच्या मुळाशी असलेली कल्पना उथळ नाही. एका लहान मुलाच्या डोळ्यांदेखत सांताच्या वेशातला दरोडेखोर त्याच्या आईवडिलांचा जीव घेतो. पुढे अनाथाश्रमातल्या कठोर शिस्तीत वाढताना, वाईट वागणाऱ्याला शिक्षा होते एवढेच त्याच्या मनावर बिंबते. मोठा झाल्यावर तो खेळण्यांच्या दुकानात नोकरीला लागतो, आणि नाताळात मालक त्याच्याच अंगावर तो लाल पोशाख चढवतो. चांगल्या मुलांना खाऊ आणि वाईट मुलांना शिक्षा हा सांताचा हिशेब आपण मुलांना हसत हसत सांगतो, पण त्यातला दुसरा अर्धा भाग एखाद्या घाबरलेल्या मुलाला कसा ऐकू येत असेल, हा प्रश्न या चित्रपटाने विचारला आहे. त्याचे उत्तर त्याला नीट देता आले नाही, ही गोष्ट वेगळी.

शिवाय नाताळ आणि भुते यांचे नाते अमेरिकी चित्रपटांनी जोडलेले नाही. इंग्लंडात हिवाळ्याच्या लांब रात्री शेकोटीभोवती बसून भुताच्या गोष्टी सांगण्याची चाल जुनी आहे. चार्ल्स डिकन्स यांची १८४३ साली प्रसिद्ध झालेली 'अ ख्रिसमस कॅरल' ही मुळात भुताचीच गोष्ट आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स नाताळाच्या सुमारास मित्रांना जमवून स्वतः लिहिलेल्या भूतकथा वाचून दाखवत असत, आणि १९७१ पासून बीबीसीने बरीच वर्षे दर नाताळात एक भूतकथा दाखवली. त्यामुळे आपल्या मुलाच्या हातून कोणाच्या सणाचा अवमान होत आहे असे मला वाटत नाही. त्याला अडवू नका, पण एखाद्या वर्षी त्याच्या शेजारी बसा आणि चित्रपट आपण निवडा. कोणता निवडावा, ते पुढच्या उत्तरात सांगतो.

प्रश्न : सणावरचा पहिला महत्त्वाचा भयपट 'हॅलोविन' असे मी अनेकदा वाचले आहे. एका मित्राच्या मते तो मान 'ब्लॅक ख्रिसमस' या चित्रपटाचा आहे. खरे काय?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे मला अधिक पटते. बॉब क्लार्क यांचा 'ब्लॅक ख्रिसमस' १९७४ सालचा आहे, तर जॉन कार्पेंटर यांचा 'हॅलोविन' १९७८ सालचा. सणाचा दिवस, एक घर, त्यात एकट्यादुकट्या पडलेल्या तरुण मुली आणि मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहणारा कॅमेरा, हा सगळा साचा पहिल्या चित्रपटात तयार झालेला दिसतो. दुसऱ्याने तो घोटून इतका नेमका केला की पुढच्या दहा वर्षांत प्रत्येकाने त्याचीच नक्कल केली. 'हॅलोविन' सुमारे तीन लाख डॉलरांत तयार झाला आणि त्याने कोट्यवधी डॉलर मिळवले. साहजिकच श्रेयही त्याच्याकडे गेले.

'ब्लॅक ख्रिसमस'चे चित्रीकरण कॅनडातल्या टोरांटोत झाले. नाताळच्या सुट्टीसाठी रिकाम्या होत चाललेल्या मुलींच्या वसतिगृहात कोणी अनोळखी इसम फोन करून घाणेरडे बोलत असतो, आणि तो फोन त्याच घरातून येत असतो. आज ही कल्पना सर्वांना ठाऊक झाली आहे, तरी चित्रपट पाहताना अंगावर काटा येतोच. पोलिसांच्या सांगण्यावरून टेलिफोन एक्स्चेंजमधला माणूस फोन कुठून आला ते शोधण्यासाठी यंत्रांच्या उंच रांगांमधून धावतो. खटखट वाजणारे ते सांधे पाहत तो एका रांगेतून दुसरीत शिरतो, आणि तो पोहोचायच्या आत पलीकडून फोन ठेवला जातो. त्या धावण्यात एकही भूत नाही, रक्ताचा थेंब नाही, तरी पूर्ण चित्रपटातला मला सर्वांत असह्य वाटणारा ताण तिथेच आहे. पार्श्वसंगीतासाठी कार्ल झिट्रर यांनी पियानोच्या तारांना काटेचमचे, कंगवे, सुऱ्या अशा वस्तू बांधल्या. त्यामुळे सूर ओळखीचा वाटतो आणि त्याच वेळी कुठेतरी बिघडलेला वाटतो. नाताळाचेही या चित्रपटात तेच होते.

आता ज्या दृश्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो त्याविषयी. लहान मुले नाताळगीते म्हणत वसतिगृहाच्या दारात येतात. नायिका दार उघडून उभी राहते आणि बऱ्याच तासांनी तिचा चेहरा निवळतो. त्याच वेळी वरच्या खोलीत तिच्या मैत्रिणीचा खून होत असतो, आणि मुलांच्या कोवळ्या आवाजांखाली तिची किंकाळी बुडून जाते. सणाचा भयपटाला नेमका काय उपयोग होतो, ते या दृश्यावरून कळते. एरवी आपण अनोळखी माणसाला दार उघडत नाही, पण सणाच्या दिवशी उघडतो. मुखवटा घातलेला माणूस एरवी दिसला तर आपण ओरडू, पण हॅलोविनला तोच दारात आला तर त्याच्या हातावर खाऊ ठेवतो. वर्षभर पाळलेली सावधगिरी एक दिवस बाजूला ठेवण्याची मुभा सण देतो, आणि भयकथेला आत यायला तेवढी फट पुरते.

या दोन्ही चित्रपटांत ऋतूच मुळी हाताने तयार करावा लागला होता. टोरांटोत त्या हिवाळ्यात बर्फ कमी पडल्याने स्थानिक अग्निशामक दलाकडून आणलेला फेस बर्फ म्हणून पसरला गेला. 'हॅलोविन'चे चित्रीकरण कॅलिफोर्नियात ऐन वसंतात झाले. तेव्हा झाडे हिरवीगार होती, म्हणून पानगळीची पाने रंगवून तयार केली. ती रस्त्यावर पसरायची, दृश्य झाले की गोळा करून पोत्यांत भरायची आणि पुढच्या दृश्यासाठी पुन्हा पसरायची, असे चालले होते. मारेकऱ्याचा तो निर्विकार पांढरा मुखवटाही बाजारातून दोन डॉलरांच्या आत आणलेला, 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेतल्या कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा होता. त्याचे डोळे मोठे केले आणि त्यावर पांढरा रंग फवारला.

न्यू जर्सीच्या वाचिकेने मुलाबरोबर 'ब्लॅक ख्रिसमस'च पाहावा, असे मी सुचवीन, मात्र १९७४चाच. त्याची पुढे दोनदा पुनर्निर्मिती झाली, पण दोन्ही वेळा मारेकऱ्याविषयी नको इतके सांगितले गेले. मूळ चित्रपटात तो कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही.

प्रश्न : यातले बरेच चित्रपट समीक्षकांनी मोडीत काढले होते. मग त्यांना 'कल्ट' (मोजक्या चाहत्यांनी जिवापाड जपलेले चित्रपट) म्हणून डोक्यावर घेणारे लोक कोण? वाईट चित्रपटाला काळ गेल्याने किंमत येते का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : नुसता काळ गेल्याने किंमत येत नाही. शेकडो भयपट विसरले गेले आहेत आणि त्यांतले बहुतेक विसरण्याच्याच लायकीचे होते. सणावरच्या चित्रपटांना मात्र एक सोय जन्मतःच मिळालेली असते, ती म्हणजे त्यांची तारीख. इतर चित्रपट आठवायला काहीतरी निमित्त लागते, पण १४ फेब्रुवारी, ३१ ऑक्टोबर आणि २४ डिसेंबर या तारखा दरवर्षी येतातच. त्या आल्या की कोणीतरी तो चित्रपट काढतो, मित्रांना बोलावतो, पाठ झालेले संवाद सगळे मिळून म्हणतात, आणि त्या घरापुरती ती सणाचीच एक रीत होऊन बसते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. 'हॅलोविन' मी पहिल्यांदा पाहिला तो व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीसाठी आणलेल्या कॅसेटवर, मे महिन्याच्या सुट्टीत, खिडक्या सताड उघड्या ठेवून. आवडला, आणि विसरलो. अनेक वर्षांनी दिवाळीच्या दिवसांत तो पुन्हा लावला. सुरुवातीची नामावली चालू असताना पडद्याच्या डाव्या बाजूला आतून उजळलेला कोरीव भोपळा असतो आणि कॅमेरा अगदी सावकाश त्याच्या जवळ जात राहतो. माझ्या मागे गॅलरीत आकाशकंदील वाऱ्याने हलत होता आणि त्याचा उजेड भिंतीवर सरकत होता. त्या रात्री मला जी भीती वाटली ती मे महिन्यात वाटली नव्हती.

तारखेइतकेच महत्त्व हरवण्याला असते. जॉर्ज मिहाल्का यांचा 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' १९८१ साली व्हॅलेंटाइन दिनाच्या तोंडावर आला, पण त्याआधीच त्यातली अनेक दृश्ये कात्रीत सापडली होती. पुढची जवळजवळ अठ्ठावीस वर्षे त्या कापलेल्या तुकड्यांबद्दल चाहते एकमेकांना सांगत राहिले, आणि २००९ साली त्यांतली काही मिनिटे परत जोडली गेली तेव्हा त्यांना हरवलेला नातलग भेटल्यासारखे झाले. हा चित्रपट मला त्यातल्या जागेमुळे प्रिय आहे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या सिडनी माइन्स या गावच्या खऱ्या कोळसा खाणीत तो चित्रित झाला. खाणीत चित्रीकरण होणार म्हटल्यावर गावकऱ्यांनी ती कौतुकाने झाडूनपुसून रंगवून ठेवली, आणि निर्मात्यांना ती पुन्हा काळवंडवून घ्यावी लागली. कथेतली माणसेही खाणीत राबून संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात बसणारी आहेत. मेजवानीला जायच्या घाईत मुकादमांनी खाणीतला वायू तपासला नाही, आणि त्या हलगर्जीपणामुळे झालेल्या स्फोटातून सूडाची गोष्ट सुरू होते. कष्टकऱ्यांचे गाव इतक्या आपुलकीने दाखवणारा भयपट सहसा सापडत नाही, आणि समीक्षकांनी नेमके तेच पाहिले नाही.

'हॅलोविन'च्या तिसऱ्या भागाचेही असेच झाले. १९८२ साली आलेल्या या चित्रपटात तो मुखवटेधारी मारेकरी नव्हताच. मुलांना विकल्या जाणाऱ्या मुखवट्यांच्या कारखान्याची ती स्वतंत्र गोष्ट होती, कारण दर भागात हॅलोविनवरची नवी कथा सांगावी असा कार्पेंटर आणि त्यांच्या सहनिर्मात्या डेब्रा हिल यांचा विचार होता. प्रेक्षकांना फसवल्यासारखे वाटले, चित्रपट नाकारला गेला आणि १९८८च्या चौथ्या भागात जुना मारेकरी परतला. तिसऱ्या भागातली मुखवट्यांची जाहिरात मात्र मनातून जात नाही. सण किती दिवसांवर आला ते ती एका बालगीताच्या चालीवर मोजत जाते, आणि गाणाऱ्या मुलांचे पुढे काय होणार हे आपल्याला कळून चुकलेले असते. जे प्रेक्षक तेव्हा लहान होते ते ही चाल विसरू शकले नाहीत, आणि मोठे होऊन त्यांनीच या चित्रपटाला मान मिळवून दिला.

प्रश्न : आमच्या कोकणात शिमग्याला काळ्या कपड्यांतला, पांढऱ्या दाढीचा संकासुर घुंगरे वाजवत येतो आणि लहान मुले घाबरून घरात पळतात. इतके सगळे असताना आपल्या सणांवर असा भयपट का होत नाही?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : संकासुर पडद्यावर आला तर मला फार आनंद होईल, पण नुसता वेश घेऊन चालणार नाही. वर म्हटल्याप्रमाणे सणाचा नियम कथेच्या मुळाशी असावा लागतो. आपल्याकडे असे नियम हवे तितके आहेत. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री तरुण मुले नरकासुराच्या भल्यामोठ्या प्रतिमा मिरवतात आणि पहाटे जाळतात. ती प्रतिमा उजाडण्यापूर्वी जळलीच पाहिजे, एवढ्या एका गोष्टीवर कथा उभी राहू शकते.

मला स्वतःला मात्र पितृपक्षाची गोष्ट पाहायची आहे. मेलेल्यांनी वर्षातून एकदा परत येण्याचा दिवस या अर्थाने हॅलोविनला आपल्याकडे सर्वांत जवळचे काही असेल तर ते हेच पंधरा दिवस. त्यासाठी राक्षस लागणार नाही आणि रक्तही लागणार नाही. स्वयंपाक झालेला आहे, केळीच्या पानावर खीर, वडे, गेलेल्या माणसाच्या आवडीची भाजी वाढून पान अंगणात नेऊन ठेवले आहे, आणि घरातली सगळी माणसे उपाशीपोटी दारात उभी आहेत. कावळे समोरच्या झाडावर बसलेले आहेत आणि एकही खाली उतरत नाही. ऊन चढते, खीर आटत जाते. त्याचे काय राहिले होते, असे कोणीतरी हळूच विचारते, आणि घरातला एक जण मान खाली घालतो.