ब्रेक पॅड घरी बदलतोयस? आधी हे वाच

भावा, पॅडचं अस्तर 3 मिमीच्या आत आलं असेल तर कसारा घाट उतरायचा बेत पुढे ढकल. पॅड पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांचे जोडीनेच बदल. नुसत्या जॅकवर काम करू नकोस, खाली स्टँड हवाच. कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळू देऊ नकोस, तारेने वर बांध. डिस्कवर, म्हणजे पॅड ज्या चकतीला घासतात तिच्यावर, किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर घासून घेण्यात अर्थ नाही, नवीच घाल.

आणि हे कळकळीने सांगतो: गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाब. नवे पॅड बसवताना कॅलिपरमधले पॅड ढकलणारे पिस्टन मागे गेलेले असतात, पहिला ब्रेक लागतच नाही! मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटे गंगापूर धरणाकडच्या मोकळ्या रस्त्यावर 50 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरव, पूर्ण न थांबता.