ड्रॉपरची सीट दाबली की खाली जाते, पण वर येऊन नाही राहिली. पोस्ट बदलावा का?

तुमचा प्रश्न वाचला भाऊ. सेकंडहँड एमटीबी (डोंगरी सायकल) घेतली, ड्रॉपर, म्हणजे लिव्हर दाबून खाली-वर होणारा सीटखालचा नळीवाला पोस्ट, लावलेलाच आला, लिव्हर दाबून बसलं की सीट खाली जाते पण वर यायला गोगलगाय, आणि मेकॅनिक म्हणतो आख्खा पोस्टच बदला. एवढ्यात बदलू नका. मी परतवाड्याच्या बाजूचा, चार वर्षं झाली ड्रॉपर वापरून राहिलो, कितीकदा अडकला पण आतलं कार्ट्रिज (सीट वर ढकलणारी हवा-तेलाची बंद नळी) गेलेलं निघालं एकदाच, तेही माझ्याच कर्मानं.

पहिले फ्रेमवरच्या सीट क्लॅम्पचा बोल्ट एलन कीनं थोडासा ढिला करा आणि लिव्हर दाबून पाहा. लय वेळा इथंच काम होते. साध्या सीटपोस्टला आपण जीव खाऊन कसतो ना, तीच सवय नडते, इथं नळीत नळी आहे, बाहेरची आवळली की आतली घासणारच. क्लॅम्पवर कसायचा जोर बहुतेक ५-६ न्यूटन मीटर लिहिलेला असतो, पण गावात टॉर्कची चावी कोणाकडं असते, म्हणून सीट हातानं पिळली तर फिरणार नाही इतपतच कसा, त्याच्या पुढं नाही. आणि सीटचं टोक डावी-उजवीकडं जरासं हलते तो दोष नाही, तेवढी ढिलाई बहुतेक ड्रॉपरमध्ये असतेच, त्यासाठी कसत बसू नका.

तरी फरक नाही पडला तर केबल. (तुमचा केबलवाला आहे असं धरून सांगतो, तेलाच्या लाइनवाला असला तर गोष्ट वेगळी.) पोस्ट फ्रेममधून काढा, काढताना हँडलकडून केबल आत सरकवत राहा नाहीतर ताण बसते. मग केबल सोडा आणि पोस्टच्या बुडाशी जी बारकी पट्टी असते ती अंगठ्यानं दाबा, पण तोंड बाजूला ठेवून, कारण पोस्ट चांगला असला तर सीट अशी सुटते की पहिल्यांदा माझ्या हनुवटीलाच बसली होती. तशी टुणकन वर आली म्हणजे पोस्ट ठणठणीत, रोग वायरीत. पावसाळ्यात आउटरमध्ये, म्हणजे वायरीवरच्या आवरणात, पाणी जाते, आत गंज धरते, वायर ओढल्यावर परत फिरत नाही. इनर (आतली वायर) आणि आउटर दोन्ही बदला, इनर गिअरची घ्या, दुकानदार ब्रेकची टेकवते ती जाड असते. ताणही पाहा, लय ढिली असली तर आतला व्हॉल्व पूर्ण उघडत नाही म्हणून सीट हळू येते, आणि लय ताठ असली तर तो अर्धवट उघडाच राहते आणि नुसतं बसलं तरी सीट खाली जाते.

हातानं दाबूनही हळूच आली तर मग आत माती. आपल्या पांदणीचा उन्हाळ्यातला फुफाटा पिठासारखा बारीक, वरच्या चकचकीत नळीवर बसते आणि प्रत्येक वेळी सीट खाली गेली की रबराच्या सीलपाशी जमा होते. वरची गोल कॉलर बहुतेक पोस्टला हातानंच फिरते. ती खोला, सील आणि नळी सुती फडक्यानं पुसा, हलक्या हातानं पातळ ग्रीस लावा. आणखी आत गेलात तर पितळेच्या बारक्या पट्ट्या निघतात, कोणती कोणत्या खाचेतली ते आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मी नव्हता काढला, सारी दुपार गेली. आणि ग्रीस सस्पेन्शनचंच. मी शहाणपणा करून ट्रॅक्टरचं ग्रीस भरलं, मे महिन्यात मस्त चाललं, मग पौषात चिखलदऱ्याला गेलो, ते जवळपास ११०० मीटरवर, सकाळच्या थंडीत ग्रीस असं घट्ट झालं की सीट अर्ध्यातच थांबली आणि मी गुडघे छातीला लावत चढ चढलो.

आता ते कर्म. सायकल धुवायची म्हणून सीट खाली केलेली असतानाच सीटला दोरी बांधून निंबाच्या फांदीला टांगली. आख्ख्या सायकलचं वजन त्या नळीवर ओढलं गेलं, हवा तेलात शिरली, दुसऱ्या दिवशी बसलो तर सीट गादीसारखी दबून राहिली. कार्ट्रिज नवीन घ्यावं लागलं. सीट खाली असताना सायकल सीटला धरून टेम्पोतसुद्धा चढवू नका. धुलाईवाल्याच्या प्रेशरचा पाइपही सीलवर मारू देऊ नका.

वापरायचं सोपं आहे, उतार सुरू व्हायच्या आधीच लिव्हर दाबून बुडानं सीट खाली ढकला, लिव्हर सोडा, चढ आला की दाबून बूड उचला. पूर्ण वरची उंची एकदाच नीट लावा, टाच पॅडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला पाहिजे. घरी आल्यावर सीट वर करून नळी पुसूनच उभी करा.

क्लॅम्प ढिला करून आणि केबल सोडून काय झालं ते लिहा, नळीवर ओरखडा असला तर फोटोही टाका, मग पाहू.