वाचक विचारतात : नेटवर्क स्विच बसवताना

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात १८ संगणक, एक प्रिंटर आणि एक छोटा सर्व्हर आहे. सगळे वाय-फायवर चालते आणि ऑनलाइन परीक्षेत हमखास अडकते. २४ पोर्टचा स्विच (अनेक उपकरणे केबलने एकमेकांना जोडणारी पेटी) घ्यायचे ठरले आहे. मॅनेज्ड घ्यावा का? आणि बसवावा कसा?
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : २० उपकरणे आणि राउटरकडे जाणारी एक केबल, म्हणजे २१ पोर्ट लागतील, २४ पोर्टचा गिगाबिट (१००० एमबीपीएस वेगाचा) स्विच बरोबर आहे. कक्ष एकच आणि नेटवर्कही एकच असेल तर साधा अनमॅनेज्ड (सेटिंग नसलेला) पुरे. कार्यालयातले फी-हजेरीचे संगणकही याच स्विचवर येणार असतील, तर मात्र मुलांचे आणि कार्यालयाचे नेटवर्क वेगळे ठेवायला व्हीलॅन लागेल. त्यासाठी मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) घ्या, पण त्याचा पासवर्ड आणि सेटिंगची नोंद शाळेच्या दप्तरी राहील हे पाहा. ती फक्त बसवणाऱ्याकडे राहिली तर पुढे साधा बदलही अडतो.

स्विच टेबलाखाली किंवा जमिनीवर ठेवू नका. भिंतीवर ६ यू उंचीचा रॅक लावा, म्हणजे साधारण २७ सेंटिमीटर. त्यात वर २४ पोर्टचे पॅच पॅनेल (केबलची टोके बसवायची पट्टी, तिथून छोट्या पॅच कॉर्डने स्विचला जोडायचे), मध्ये केबल मॅनेजर, खाली स्विच. उंची मुलांचा हात पोहोचणार नाही इतकी, पण छताला चिकटून नको. अनेक साध्या स्विचच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतचेच तापमान दिलेले असते आणि पत्र्याखाली साठलेली गरम हवा तुमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्या सहज वर जाते. बाजूची जाळी मोकळी ठेवा.

खरा खर्च आणि खरी काळजी केबलची. प्रत्येक संगणकासाठी रॅकपासून स्वतंत्र केबल ओढा. बाकाबाकावर पाच पोर्टचे छोटे स्विच ठेवून साखळी करू नका. कॅट ६, शुद्ध तांब्याची, सॉलिड तारेची केबल घ्या. ३०५ मीटरची पेटी येते. सरासरी १२ मीटर धरली तर २० ओढींना २४० मीटर लागतात, एका पेटीत काम होते. केबलचे एक टोक पॅच पॅनेलवर आणि दुसरे बाकाजवळच्या आयओ बॉक्सवर (भिंतीवरच्या नेटवर्क सॉकेटवर) पंच करा, म्हणजे तारा खाचांत दाबून बसवा. तिथून संगणकापर्यंत दीड-दोन मीटरची तयार पॅच कॉर्ड. बाक सरकले, ओढले गेले, तर पॅच कॉर्ड बदलून भागते. भिंतीतल्या केबलला धक्का लागत नाही.

पंच करताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उसवू नका. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना ‘बी’ पद्धतीचाच : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. विजेच्या तारांच्या केसिंग पट्टीतून ही केबल नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा.

सुरू करताना आधी फक्त राउटरच्या लॅन पोर्टातून स्विचला केबल द्या आणि एकच संगणक जोडा. त्याला आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) मिळाला की बाकीचे एकेक करून जोडा. पत्ते वाटण्याचे काम राउटरचे, स्विचचे नव्हे. उदाहरणार्थ राउटर १९२.१६८.१.१ आणि वाटपाची कक्षा (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते १९९ ठेवली, तर सर्व्हरला १० आणि प्रिंटरला ११ असे कायमचे पत्ते द्या. ते वाटपाच्या कक्षेत ठेवले तर एखाद्या दिवशी तोच पत्ता दुसऱ्या संगणकाला जातो आणि छपाई बंद पडते.

प्रश्न : ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, म्हणून गिगाबिट स्विच आणला. तरी संगणक १०० एमबीपीएसच दाखवतो. स्विच बदलून घ्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : घाई करू नका, बहुतेक वेळा दोष केबलचा निघतो. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात : १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. बाकीच्या चारांपैकी एक जरी तुटली किंवा नीट बसली नाही, की जोडणी १०० वर उतरते आणि सगळे ‘चालू’ दिसते. जुन्या घरांत एकाच केबलच्या उरलेल्या तारांवर टेलिफोन किंवा दुसरा संगणक जोडलेलाही सापडतो.

तयार पॅच कॉर्डने संगणक थेट स्विचला जोडा. पोर्टचा दिवा १००० चा रंग दाखवू लागला (रंगांचा अर्थ स्विचवरच छापलेला असतो), तर स्विच ठीक आहे. मग भिंतीतल्या केबलची दोन्ही टोके उघडून पाहा.

इथे एक फसवी चूक नेहमी होते. काही जण केशरी, हिरवा, निळा, तपकिरी अशा जोड्या ओळीने शेजारी-शेजारी लावतात. दोन्ही टोकांना तसेच असल्याने आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर ‘ठीक’ म्हणतो. पण ३ आणि ६ या पिना एकाच पिळाच्या जोडीत असायला हव्यात. इथे ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा येतो. दोघांचा पीळ वेगळा, त्यामुळे सिग्नलमध्ये गोंगाट शिरतो. इलाज एकच : टोके कापून वर दिलेल्या क्रमाने पुन्हा लावणे.

तारही ब्लेडने खरवडून पाहा. आतून रुपेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार, ती बदलाच. आणि संगणकात वेग हाताने ठरवून ठेवला असेल तर तो ‘ऑटो’वर आणा.

प्रश्न : ८ पोर्टच्या पीओई (केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचवर आठ कॅमेरे आहेत. दिवसा उत्तम चालतात. अंधार पडला की दोन-तीन कॅमेरे बंद-चालू होत राहतात.
– एक दुकानदार, नांदेड

उत्तर : अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वीज जास्त खेचली जाते. स्विचवर दोन आकडे असतात : एका पोर्टची मर्यादा आणि सगळ्यांची मिळून मर्यादा. एकूण ६० वॉट असेल आणि रात्री प्रत्येक कॅमेरा ९ वॉट घेत असेल, तर ७२ वॉट लागणार. मग स्विच काही पोर्टांची वीज तोडतो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातला इन्फ्रारेडसह कमाल आकडा घेऊन बेरीज करा, वर २० टक्के शिल्लक धरा आणि त्या हिशेबाने मोठा स्विच घ्या, नाहीतर दोन-तीन कॅमेऱ्यांना वेगळा ॲडॅप्टर द्या. नेहमी लांबच्या केबलवरचाच कॅमेरा पडत असेल तर वर सांगितलेली ॲल्युमिनियमची तार तपासा. तिच्यात व्होल्टेज जास्त पडते.

अशा स्विचच्या पुढच्या बाजूला बरेचदा एक छोटे सरकते बटण असते. ‘एक्स्टेंड’वर केबल २५० मीटरपर्यंत चालते, पण वेग १० एमबीपीएसवर येतो. ‘व्हीलॅन’वर पोर्ट एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त अपलिंकशी (पुढच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या पोर्टशी) बोलतात. गरज नसताना दोन्ही बंद ठेवा.

प्रश्न : घरापासून ७० मीटरवर आंब्याची पॅकिंग शेड आहे. बागेतून केबल टाकली आहे. दर वळवाच्या पावसात स्विचचा पोर्ट जळतो.
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : वेगळे अर्थिंग असलेल्या दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल नकोच. जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या व्होल्टेजमधला फरक त्याच केबलने स्विचपर्यंत येतो. फायबर (काचेच्या धाग्याची केबल) टाका आणि दोन्ही टोकांना गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडणारी पेटी) लावा. एकाच धाग्यावर चालणारे असतील तर एक ‘ए’ आणि एक ‘बी’ अशी जोडी लागते. दोन ‘ए’ एकमेकांशी जुळत नाहीत. फायबर घेताना आत लोखंडी तार नसलेली, एफआरपी (काचतंतू-प्लास्टिकच्या) काडीची मागा. दुकानात सहज मिळणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये पुष्कळदा पोलादी तार असते आणि मग वीज तिच्यावरून येऊ शकते.

प्रश्न : साफसफाईनंतर ऑफिसचे अख्खे नेटवर्क ठप्प झाले. स्विचचे सगळे दिवे एकदम वेगाने लुकलुकतात. बंद करून सुरू केला की काही क्षण चालते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हा लूप आहे. कुणीतरी लोंबणारी केबल ‘जागेवर’ लावली आणि तिची दोन्ही टोके त्याच नेटवर्कात गेली. सर्वांसाठी पाठवलेला संदेश मग थांबतच नाही, फिरत राहतो आणि वाढत जातो. एकेक केबल काढा. जी काढताच दिवे शांत होतात, तिचे दुसरे टोक शोधा. दोन पोर्टचा आयपी फोन असेल तर आधी तोच पाहा, त्याचे दोन्ही पोर्ट भिंतीत गेलेले अनेकदा सापडतात. मॅनेज्ड स्विच असेल तर स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून तो तोडणारी सोय) चालू करा. साध्या स्विचमध्ये ती सोय सहसा नसते. तिथे वापरात नसलेल्या भिंतीच्या पॉइंटांच्या पॅच कॉर्ड रॅकमधून काढून ठेवा.