भिंत फोडण्याचा खर्च कोणाचा?

प्रश्न : न्हाणीघराचे काम नव्याने करून घेताना भिंतीच्या आत बसणारा गरम-गार पाण्याचा डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे जाईल ते ठरवणारी झडप) आम्ही दुकानातून स्वतः निवडून आणला आणि आमच्या नेहमीच्या प्लंबरकडून बसवून घेतला. त्यावर टाइल लागल्या. सात महिन्यांनी पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल आली आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागले. प्लंबरने टाइल काढून पाहिले, तेव्हा डायव्हर्टरच्या पितळी अंगावरच, जोडापासून दूर, केसासारखी बारीक चीर दिसली. कंपनी नवा डायव्हर्टर मोफत द्यायला तयार आहे, परंतु टाइल, गिलावा, रंग आणि मजुरी वॉरंटीत बसत नाही असे म्हणते. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो. प्लंबर म्हणतो की माल तुम्ही आणलात, तेव्हा पुन्हा काम करायचे तर पुन्हा मजुरी द्यावी लागेल. वस्तूच्या किमतीच्या कित्येक पट खर्च या बाकीच्या कामाचा आहे. तो आम्हीच सोसायचा का?

उत्तर : नाही. दोष वस्तूत मुळापासून होता हे दाखवता आले, तर भिंत फोडण्याचा आणि पुन्हा पूर्ववत करण्याचा वाजवी खर्च आपण विक्रेत्याकडे मागू शकता. मात्र 'दाखवता आले तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत आणि आपल्या प्रकरणाचा बहुतेक भार त्यांवरच आहे.

आधी वॉरंटीचा प्रश्न बाजूला करू, कारण बहुतेक ग्राहक तिथेच हार मानतात. वॉरंटी कार्ड म्हणजे उत्पादकाने स्वतःहून दिलेले वचन, आणि त्यात मजुरी धरायची की नाही हे तो ठरवू शकतो. परंतु विकलेला माल सदोष असेल तर विक्रेत्यावर येणारी जबाबदारी कायद्यातून येते. ती त्या कार्डामुळे निर्माण होत नाही आणि कार्डावरच्या बारीक अक्षरांतील एका ओळीने सहसा संपतही नाही. 'वॉरंटीत बसत नाही' या उत्तराचा अर्थ एवढाच की कंपनीने तेवढे वचन दिले नव्हते. आपला विक्रेत्याविरुद्धचा हक्क त्याने बुडत नाही.

नेमका हाच वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे आला होता आणि 16 जून 2011 रोजी त्याचा निकाल लागला. जर्मनीतील एका ग्राहकाने घेतलेल्या फरशीपैकी सुमारे दोन-तृतीयांश बसवून झाल्यावर तिच्या पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर न निघणाऱ्या छटा दिसू लागल्या. फरशीची किंमत 1,382 युरो होती, तर ती काढून नवी बसवण्याचा खर्च 5,830 युरोंच्या घरात जात होता. त्यासोबत दुसरे प्रकरण होते ते घरात बसवून झाल्यावर सदोष निघालेल्या भांडी धुण्याच्या यंत्राचे. बदली वस्तू दिली की आपले काम संपले, बसवण्याचा तर आपण करारच केला नव्हता, असा विक्रेत्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. सदोष वस्तू विक्रेत्याने स्वतः काढून नवी बसवून द्यावी, किंवा त्याचा खर्च द्यावा, असे त्याने ठरवले. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. दोषात विक्रेत्याची चूक नसेलही, पण ग्राहकाने पूर्ण पैसे मोजले आहेत आणि दोष दिसण्यापूर्वी, वस्तू चांगली आहे या विश्वासाने ती बसवली आहे. वस्तू सुरुवातीलाच चांगली मिळाली असती तर बसवण्याचा खर्च त्याला एकदाच आला असता, म्हणून दुसऱ्या खेपेचा भार त्याच्यावर टाकता येत नाही. खर्च अवाच्या सवा होत असेल तर विक्रेत्याने द्यायची रक्कम वाजवी मर्यादेत ठेवता येईल, एवढी सवलत न्यायालयाने दिली. पुढे युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशात हेच तत्त्व स्पष्ट शब्दांत आले.

भारतीय कायद्याची भाषा वेगळी असली तरी तिच्यातून याच दिशेने वाट काढता येते. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 16 नुसार, तशा मालाचा व्यापार करणाऱ्याने वर्णनावरून विकलेला माल विकण्यायोग्य प्रतीचा असला पाहिजे. आपण वस्तू हाताळून निवडली असली, तरी पाहणीत दिसू शकले असते असेच दोष आपल्या गळ्यात पडतात, आणि पितळाच्या ओतकामातला लपलेला दोष दुकानाच्या काउंटरवर कोणालाही दिसत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 73 नुसार, कराराच्या भंगातून नेहमीच्या क्रमाने उद्भवणारे नुकसान भरून मागता येते. दूरचे आणि अप्रत्यक्ष नुकसान मागता येत नाही. भिंतीत गाडण्यासाठीच बनवलेली वस्तू गळू लागली तर भिंत फोडावी लागणार, याहून नेहमीचा क्रम तो कोणता? याखेरीज 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकावरही सदोष वस्तूमुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी टाकली आहे, आणि त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेचे झालेले नुकसान या हानीत येते. ओल आलेली भिंत आणि उखडलेला रंग या शब्दांत सरळ बसतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, हे ध्यानात असू द्या.

आता पुराव्याकडे वळू. गळती कुठून होते यावर जबाबदारी कोणाची हे ठरते. आट्यांच्या जोडातून पाणी येत असेल, तर बहुधा टेफ्लॉन टेप नीट गुंडाळली गेली नाही किंवा जोड तिरका बसला, आणि ते काम प्लंबरचे. चीर आट्यांच्या तोंडापासून सुरू होऊन अंगावर चढत असेल, तर पाना गरजेपेक्षा जास्त आवळल्याची शंका घ्यावी लागते, आणि कंपनीचा तंत्रज्ञ सर्वप्रथम हेच म्हणेल. चीर जोडापासून दूर, ओतीव अंगाच्या मधोमध असेल, किंवा सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून पाणी झिरपत असेल, तर संशय ओतकामावर जातो. आपण केलेले वर्णन या तिसऱ्या प्रकारचे आहे, ही आपली जमेची बाजू. पाण्याचा दाब उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होता, असाही बचाव घेतला जाईल. म्हणून दाब मोजून घ्या आणि तो आकडा लिहून ठेवा. (ज्यांनी अद्याप भिंत फोडलेली नाही त्यांनी आधी दर्शनी पट्टी काढून आतले कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-अडवणारा सुटा भाग, तपासावे. गळती तिथली असेल तर ते समोरूनच बदलता येते आणि एकाही टाइलला हात लावावा लागत नाही.)

म्हणून डायव्हर्टर अजून भिंतीत असेल तर तो तसाच राहू द्या. त्या भागाचे पाणी मात्र आजच बंद करा. भिंत भिजत ठेवून वाढवलेले नुकसान आपल्याला भरून मिळणार नाही. चीर आणि जोड एकाच चौकटीत दिसतील असे फोटो काढा, पाणी सुरू करून झिरपणाऱ्या थेंबाचे लहानसे चित्रीकरण करा. दुकानदार आणि कंपनी या दोघांनाही लेखी कळवून पाहणीसाठी ठरावीक दिवसांची मुदत द्या. पाहणीच्या वेळी प्लंबर हजर असावा. जुना डायव्हर्टर बदल्यात परत मागितला जाईल, पण तपासणी लेखी झाल्याशिवाय आणि पोच मिळाल्याशिवाय तो हातचा सोडू नका. नवा घेताना 'माझी काही तक्रार उरलेली नाही' अशा अर्थाच्या कागदावर सही करू नका. सही करावीच लागली तर 'इतर खर्चाची मागणी कायम ठेवून' असे स्वतःच्या हाताने लिहा.

प्लंबरबद्दल दोन शब्द अगत्याने लिहितो. माल तुमचा आणि मजुरी त्याची अशी वाटणी असेल, तर तो केवळ आपल्या कामाच्या दर्जाला बांधील असतो. टाइल लागण्यापूर्वी जोडणीची प्रेशर टेस्ट करणे, म्हणजे दाबाखाली पाणी भरून गळती तपासणे, हा त्या कामाचा भाग आहे, आणि ती केली होती का हे त्याला जरूर विचारा. न करताच भिंत बुजवली असेल आणि चीर त्याच वेळी गळत असती, तर त्याच्याकडेही काही वाटा जातो. परंतु टेस्ट झाली असेल आणि चीर पुढे उमलली असेल, तर दुसऱ्या खेपेची मजुरी मागण्यात त्याचे काहीही चुकत नाही. या साखळीत दुकानदार आणि कंपनी दूर असतात, प्लंबर मात्र समोर उभा असतो, म्हणून फुकट काम त्याच्याकडूनच करून घेतले जाते. हे मला अन्यायाचे वाटते. त्याला पैसे द्या, सही असलेली पावती घ्या आणि ती रक्कम विक्रेत्याकडच्या मागणीत जोडा.

मागणी वाजवी ठेवा. काढलेल्या टाइलशी जुळणारा रंग बाजारात उरला नसेल, तर त्या एका भिंतीचा खर्च मागणे समजण्यासारखे आहे. चारही भिंतींना नव्या, भारी टाइल लावून त्याचे बिल पाठवले, तर खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

प्रश्न : आमच्या घरी माल आणि मजुरी दोन्ही कंत्राटदाराचीच होती. बसवलेला नळ दोन महिन्यांत गळू लागला. 'ब्रँड तुम्हीच सांगितला होता, कंपनीने पैसे दिले की दुरुस्त करतो,' असे तो म्हणतो. थांबावे का?

उत्तर : थांबण्याचे कारण नाही. आपला करार त्याच्याशी आहे. त्याने काम नीट करून द्यावे आणि आपले पैसे वरच्या पुरवठादाराकडून वसूल करावेत. ब्रँड आपण सुचवला या मुद्द्यावर ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) 1960 च्या दशकाच्या अखेरीस एका छपराच्या कौलांच्या खटल्यात निवाडा दिला होता. मालकाच्या बाजूने विशिष्ट कौले ठरवून दिली होती, ती एकाच उत्पादकाची होती, आणि त्यांतला छुपा दोष बसवल्यानंतर उघड झाला. कौलांची निवड त्या कामाला योग्य होती की नाही याची जबाबदारी कंत्राटदारावर येत नाही, परंतु प्रत्यक्ष बसवलेला माल निर्दोष असण्याची येते, असे तिथे ठरले. इतर देशांतील न्यायालयांवर हा निवाडा बंधनकारक नाही, तरी त्यातला फरक कंत्राटदाराला समजावून सांगण्याजोगा आहे. तेव्हा शेवटचा हप्ता द्यायचा राहिला असेल, तर दुरुस्तीच्या अंदाजे खर्चाएवढीच रक्कम कारण लेखी कळवून रोखून धरा आणि बाकीची वेळेवर देऊन टाका.